झपाटा

सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. पुढचं सगळं आता आपोआप होणार होतं. ते बघायला अकराव्या मजल्यावरची अख्खी टीम त्यांनी मीटिंग रूममध्ये कोंबली होती.

त्या ओळीचं नाव 'झपाटा'. ही कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवते. ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या पॅकेजांवर, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांवर उभं आहे आणि त्या पॅकेजांच्या सारख्या नव्या आवृत्त्या निघत असतात. झपाटा त्या शोधतो, जुन्या काढून नव्या बसवतो आणि चाचण्या चालवतो. चाचणी पास झाली की पडद्यावर हिरवी ओळ, नापास झाली की लाल. लाल आली की ते पॅकेज मुकाट्याने जुन्या आवृत्तीवर परत. हत्यार चांगलं होतं. मग सरांनी त्यात सुधारणा केली.

पडद्यावर भराभर हिरव्या ओळी उमटल्या. एकही लाल नाही. टाळ्या पडल्या, या कामात टीम तरबेज होती.

"सर, दाराची चाचणी कुठे दिसत नाही," टेस्टर म्हणाली. एकटी तीच पडदा वाचत होती. बाकीचे सरांचा चेहरा वाचत होते.

"कुठली दाराची?"

"दारात माणूस असेल तर लिफ्ट हलता कामा नये, ती. नव्या पॅकेजवर कालपर्यंत लाल येत होती."

"हां, ती होय! फार कटकट करायची. मी झपाट्याला शिकवलं, जी चाचणी लाल येईल ती सरळ वगळायची. आता बघा कसं हिरवंगार!"

नापास पोरांची नावं हजेरीतून खोडायची आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा, तसलाच हा प्रकार. फक्त इथे त्याला ऑटोमेशन म्हणत होते.

"पण ती नापास का होत होती, ते कोणी बघितलं?"

"मॅडम, बघत बसायला वेळ असता तर हे सगळं कशाला केलं असतं?"

हशा पिकला. विनोद कोणालाच कळला नव्हता, पण सर हसले होते, तेवढं पुरे होतं. सरांनी मग जाहीर केलं, की नवी आवृत्ती आपल्याच इमारतीच्या लिफ्टवर चढलीसुद्धा आणि आपलंच सॉफ्टवेअर वापरणारे हॉस्पिटलवाले ती चढवायला फक्त आपल्या फोनसाठी थांबलेत.

"हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलतात, सर," टेस्टर म्हणाली. "अर्धं लिफ्टच्या आत, अर्धं बाहेर. त्यावर माणूस असतो."

"नकारात्मक बोलायचं नाही, असं ठरलंय ना आपलं? चला, खाली जाऊ. कॉफी माझ्याकडून."

"चला. लिफ्टनेच जाऊ," ती उठली. "तुम्ही पुढे व्हा. दारात जरा उभे राहा, आम्ही बघतो."

सरांनी पोटावरून हात फिरवला. "मी जिन्याने येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

लगेच सीनियर प्रोग्रामरला व्यायामाची आठवण झाली. डिझायनर म्हणाली, जिन्यात हवा छान असते. त्या जिन्याला एकही खिडकी नव्हती. गुडघ्यांपायी पहिल्या मजल्यावरही लिफ्टनेच जाणारा अकाउंटंट सगळ्यांच्या पुढे होता.

लिफ्टपाशी शेजारच्या ऑफिसातली बाई बाबागाडी घेऊन उभी होती. गाडीत बाळ झोपलेलं. तिच्या खांद्याला पिशवी, हातात छत्री, बटण दाबायला हात मोकळा नव्हता. सर चटकन पुढे झाले.

"थांबा ताई, मी दाबतो." त्यांनी बटण दाबलं, वाकून बाळाकडे बघितलं, "गोड आहे हो," म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

मागोमाग सगळी टीम तिच्या शेजारून जिन्याकडे गेली. मूग गिळून, नजर चुकवून. निर्लज्ज म्हणावं तर तसंही नाही, लाज वाटत होती सगळ्यांना. नुसते भित्रे होते, आणि भीतीसुद्धा स्वतःच्या कातडीपुरतीच. थुंकायच्या लायकीची माणसं.

"ताई, लिफ्टने नका जाऊ," टेस्टर म्हणाली.

"का? बंद आहे?"

"चालू आहे, म्हणूनच नको. तुम्ही बाळाला घ्या, गाडी मी धरते."

लिफ्ट आली, रिकामीच होती. टेस्टरने वॉचमनला फोन करून लिफ्टचा मेन स्विच पाडायला लावला, बाबागाडी उचलली आणि जिना उतरायला लागली. सरांनी हॉस्पिटलला फोन लावायच्या आत तिला त्यांना गाठायचं होतं. पण गाडी जड, वळणं अरुंद, आणि मागून बाळाला घेऊन येणाऱ्या बाईला एकटं सोडवेना. "सर, थांबा," ती दोनदा ओरडली. खालून पावलांचा आवाज तेवढा आला, कोणी थांबलं नाही.

ती तळमजल्यावर पोचली तेव्हा सर रुमालाने मान पुसत होते. धाप लागली होती, फोन कानाला होता.

"हो हो, चढवा तुम्ही, बिनधास्त. आम्ही आधी आमच्याच इमारतीत लावतो, मग दुसऱ्याला देतो. आमची अख्खी टीम आत्ताच अकराव्या मजल्यावरून खाली आली. एकालाही साधं खरचटलं नाही."