दुसरा नंबर

टँकर पडेगावच्या गल्लीत शिरला तेव्हा अनंतराव फोन मुठीत धरून फाटकात उभे होते. शेजारच्या सगीरानं पुढचा टँकर मागवायला नेहमीसारखा फोनसाठी हात पुढं केला, तर त्यांनी तो सरळ खिशात घातला.

"नको. आजपासून माझ्याकडंच राहू दे."

सगीरा बघतच राहिली. नळानं कधीच मान टाकली होती, नव्या इमारती मात्र रोज वर चढत होत्या. उन्हाळाभर दोन घरांत मिळून एक टँकर. अनंतरावांच्या फोनवरून तो मागवायची ती. पैसे निम्मे, पाणीही निम्मं.

"काय झालं काका?"

"टँकरच्या कंपनीनं न मागितलेली मासिक योजना गळ्यात मारलीय. दरमहा खात्यातून पैसे कापतात. जाब विचारला तर म्हणतात, तुमच्याच फोनवर आलेला नंबर दिल्यावर सुरू झाली. उद्या ग्राहक आयोगात तक्रार देतोय. तिथं विचारतील, फोन आणखी कोण हाताळतं." अनंतरावांनी तिच्याकडं रोखून पाहिलं.

"मंग माझं नाव सांगा की."

"सांगावंच लागेल."

सगीराचा चेहरा उतरला. तेवढ्यात टँकरवाला कडुबा पाइप ओढत आला.

"नंबर बोला काका, लवकर! पुढं लई लोक थांबलेत."

फोनवर आलेला नंबर सांगितल्याशिवाय कडुबा पाणी सोडत नसे. जरा उशीर झाला की टँकर पुढच्या फाटकाशी. म्हणून गल्लीत जो तो नंबर ओरडूनच सांगे. अनंतरावांनीही ओरडून सांगितला.

"घेईना हो. दुसरा आला असंल बघा, तो बोला."

अनंतरावांनी दुसराही सांगितला. कडुबानं पाणी सोडलं.

"दर वेळी दोन नंबर देता?" सगीरानं विचारलं.

"हो. पहिला लागतच नाही याचा."

"वाचून देता?"

सही करण्याआधी प्रत्येक कागद उलटूनपालटून वाचण्यात अनंतरावांची सगळी नोकरी गेली होती. त्यांनी चष्मा सावरून फोन पाहिला. पहिला नंबर टँकर पोचल्याचा होता. दुसऱ्याच्या वर लिहिलं होतं, 'नवीन योजनेस संमतीसाठी. कोणालाही सांगू नका.'

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडुबा पाठ फिरवून पाइपशी उगाच खटपट करत होता.

"सगीरा, अगं, मी..."

"आमचा हिस्सा बी तुमच्याच टाकीत सोडा काका. माझं मी बघन."

ती आत गेली. तिनं दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं.

टाकी भरली. पाणी भिंतीवरून ओघळत गल्लीत वाहू लागलं. बाया बादल्या घेऊन धावल्या.

"काका, वाया चाललंय! शेजारी सोडू का?" कडुबा ओरडत होता.

अनंतराव सगीराच्या दारासमोर उभे होते. कडी वाजवायला हात उठत नव्हता.