मिरचीचा खुराक

"ऊठ की गं बाई," जळबा पडद्याकडं बघत पुटपुटला.

मिरची उठली नाही. दोन झुपकेदार शेपट्यांची ती लालभडक कोल्ही पडद्यावरल्या ओढ्याकाठी अंग टाकून पडली होती. तिच्या डोक्यावरची भुकेची पट्टी पार आटत आली होती. पट्टी संपली की मिरची जंगलात निघून जाणार आणि परत कुणाच्या हाती लागणार नाही, हे जळबाला पक्कं ठाऊक होतं. त्यानं खेळातली थैली उघडून पाहिली. मांसाचा तुकडासुद्धा शिल्लक नव्हता.

वसमतच्या बाजारात हळदीला पॉलिश करून जळबाची बोटं कायमची पिवळी झालेली. काम सुटलं की तो त्याच बोटांनी नासेरच्या नेट कॅफेत येऊन माउस धरायचा. कोल्ही त्याच्या लेकीची, दीक्षाची. ती नर्सिंगला औरंगाबादला गेली तेव्हा एसटीच्या खिडकीतून तिनं एवढंच सांगितलं होतं, "बाबा, मिरचीला उपाशी ठेवू नका. लई जपून माणसाळवलंय तिला." होस्टेलात कॉम्प्युटर नव्हता. फोनवर पोरगी धड बोलायची नाही. "बरी हाय" म्हणायची, मागं रांग लागलीय म्हणून फोन ठेवायची. आवाज मात्र रडून बसल्यासारखा. जळबा घरी बायकोला सांगायचा, मजेत आहे पोरगी. आणि कॅफेत येऊन कोल्हीला खाऊ घालायचा. दुसरं काय करावं, ते त्याला सुचत नव्हतं.

"नासेर, मटण संपलं रे."

"शिकार करा की काका," नासेर गल्ल्यावरूनच म्हणाला.

"न्हाई जमत. मागल्या बारीला डुकरानं दीक्षालाच पाडलं."

ही दीक्षा म्हणजे मिरचीशेजारी उभी असलेली, लेकीच्याच नावाची योद्धी. एके काळी ती मोठ्या थाटात असायची. पण खेळातल्या बाजारात मांस फुकट मिळत नव्हतं. जळबानं आधी तिचं शिरस्त्राण विकलं, मग ढाल, मग पायातले बूट. आता अनवाणी, बोडक्या डोक्याच्या त्या योद्धीच्या हातात चांदीची तलवार तेवढी उरली होती. लेकीनं अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घालून मिळवलेली.

जळबानं कोल्हीकडं पाहिलं, तलवारीकडं पाहिलं. मग डोळे मिटून विकायचं बटण दाबलं.

मिरची हावऱ्यासारखी जेवली. उठली, अंग झटकलं, गोल गोल फिरली आणि एकाएकी लखलखली. लखलखाट ओसरला तेव्हा तिला तिसरी शेपटी फुटली होती.

"नासेर! अरे ये लवकर, मिरचीला—"

पडदा काळा झाला. कोल्ही नाही, ओढा नाही. मधोमध इंग्रजीतली एक ओळ फक्त.

जळबानं माउस सोडून दिला. "मोडलं का रे मी? मी काहीच न्हाई दाबलं."

नासेरनं वाकून ओळ वाचली. "मोडलं न्हाई काका. याच नावानं दुसरीकडून कुणीतरी आत आलंय, म्हून तुमाला बाहेर काढलं. पासवर्ड कोणाला माहीत हाय?"

"मला. अन् दीक्षाला."

बोलून झाल्यावर जळबाच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. तो खुर्चीत मागं टेकला.

"परत घुसू का आत?" नासेरनं विचारलं. "तिला बाहेर पडावं लागंल पण."

"न्हाई, न्हाई! राहू दे तिला."

नासेरनं मग त्याला नवीन खातं उघडून दिलं. नाव काय टाकू म्हणाला तर जळबा म्हणाला, माझंच टाक. पडद्यावर हातात काठी घेतलेला एक उघडाबंब गडी उभा राहिला. "इथून तिला निरोप धाडता येतो," नासेरनं दाखवलं. जळबा एकेक अक्षर हुडकत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागला.

जेवलीस का?

मग उत्तर आलं. कोण?

जळबा.

बाबा?? तुमी खेळून राहिले?? मिरचीला तीन शेपट्या आल्या! लगेच खाली दुसरी ओळ. माझी तलवार कुठाय?

जळबानं बंडीच्या टोकानं घाम पुसला. खोटं लिहायचं तर अक्षरं फार लागली असती.

मिरचीनं खाल्ली.

शेजारच्या खुर्च्यांवरचे लोकही खेळ सोडून बघू लागले. मग एकामागून एक ओळी पडू लागल्या. इथल्या एका मैत्रिणीनं कॅफे दाखवला. आमी दर रविवारी येणार. बाकीचे दिवस तुमीच घाला तिला खायला. आईला सांगा, करमून राहिलं आता.

सगळ्यात शेवटी नुसतेच दोन ठिपके आले, एकावर एक, आणि पुढं एक कंस.

"हे काय लिवलं रे तिनं? अर्धंच तुटलं का?"

"मान वाकडी करून बघा, काका. हसून राहिली ती."

जळबानं मान खांद्यावर टेकवली. आणि तशीच ठेवली.