पदवीच्या खर्चातला कारागीर

"बाबा, गणिताची पदवी म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. फी, वसतिगृह आणि दुकानात ठेवावा लागणारा कारागीर, एवढा खर्च नोकरीच्या पगारातून कधी भरून निघायचा?"

शिंप्याची सुई थबकली. कालपर्यंत याच पदवीसाठी घर डोक्यावर घेणाऱ्या लेकीचे कान कोणीतरी भरले असावेत, अशी शंकेची पाल त्याच्या मनात चुकचुकली.

"कोणी पढवलंय तुला? आणि कारागीर कशाला? मी काय मेलोय? खरं सांग, काय लपवतेस माझ्यापासून?"

तिने त्याच्या हातातला काळा कोट घेतला आणि दारातल्या उजेडात, अगदी त्याच्या डोळ्यांपाशी धरला. शिवण निळ्या दोऱ्याची होती.

"कालचीही अशीच होती, बाबा. ती मी उसवून पुन्हा घातली."