पाचवा नियम

कारभार राज्याचा असो की अभ्यासिकेचा, तो व्याख्यांवर चालतो, असं कडुबा सरांचं ठाम मत होतं. पुंडलिकनगरातली त्यांची स्वतःची अभ्यासिका मात्र विजेच्या मीटरवर चालायची, आणि तो मीटर फारच उत्साही होता. म्हणून भिंतीवरच्या पाटीवर पाचवा नियम होता: ‘लॅपटॉप चालेल. कॉम्प्युटर चालणार नाही.’

आणि आता दीपमालानं टेबलावर डबा उघडला होता.

लग्नात फोटोग्राफर लोक कॅमेरा ठेवायला आणतात तसला, ॲल्युमिनियमचा. झाकणात स्क्रूनं आवळलेला स्क्रीन. खाली कीबोर्ड. त्याच्यामागं लाल-पिवळ्या वायरींचा गुंता, आणि गुरगुरणारा एक पंखा. कडुबा सर दोन पावलं मागं सरले. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. असलं काही त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं, तेही पोलिसांनी दोरी बांधून गर्दी मागं हटवल्यावर.

“हे काय आहे?”

“लॅपटॉप, सर. मीच जोडलाय.”

“सर, ये तो पूरा टीव्ही सेंटर उठाके लाई,” त्याच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरून जुनेद म्हणाला.

दीपमालाला हसायला वेळ नव्हता. पाच वाजता तिची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती. कॅमेरा आणि माइक चालू ठेवून द्यायची. मागं आवाज आला की बाद. मुकुंदवाडीतलं तिचं घर पिठाच्या गिरणीला भिंत लावून होतं, आणि गिरणी नेमकी पाचलाच रंगात यायची.

“तेवढी परीक्षा होऊ द्या, सर. मग पुन्हा नाय आणणार.”

“नियम माणूस बघत नाही, पोरी. आधी व्याख्या.”

शेजारी ऋतुराज भरतीचा फॉर्म भरत होता. त्याला भरतीपेक्षा चर्चेत जास्त रस. “मांडीवर बसतो तो लॅपटॉप, सर,” असं म्हणत त्यानं डबा मांडीवर घेतला, आणि “आई गं” म्हणत परत टेबलावर ठेवला.

“तुझा बसलाय का रं कधी मांडीवर?” दीपमाला म्हणाली. “त्याला खालून दोन पुस्तकं लागतात आन् बाजूनं टेबलफॅन.”

“जो बंद होता है वो लॅपटॉप,” जुनेदनं तोडगा काढला. “डब्बे के माफिक.”

दीपमालानं झाकण मिटलं. खट्. वर अजून ‘शुभमंगल फोटो’ लिहिलेलं होतं. डबा मामाचा होता. तिनं तो पुन्हा उघडला.

“ह्याला कंपनी कुठंय?” ऋतुराज म्हणाला. “हे तर लगीनघरचं सामान हाय.”

सरांनी हात वर केला. अभ्यासिका गप्प झाली.

“ऐका. वायर काढल्यावर जो चालतो, तो लॅपटॉप. वायर काढल्यावर जो बंद पडतो, तो कॉम्प्युटर.”

व्याख्या इतकी नेटकी होती की दोघांनी ती सवयीनं वहीत उतरवली.

“आणि बंद पडला,” सर दीपमालाला म्हणाले, “तर डबा उचलायचा आणि घरी जायचं. परीक्षा असो नाहीतर काही असो. चालेल?”

“सर, पण माझी…”

“मध्ये बोलायचं नाही.”

सर गुडघ्यावर हात देत टेबलाखाली वाकले. खाली एक्स्टेन्शन बोर्डांची रांग होती, आणि वायरींचं असं जाळं की कुठली कुणाची हे मालकांनाही सांगता आलं नसतं. दीपमालाच्या पायाजवळची वायर त्यांनी हेरली आणि उपटली.

“सर!” ऋतुराज किंचाळला. “फॉर्म! माझा अख्खा फॉर्म गेला!”

“बॅटरी असेल ना?”

“बॅटरी मागच्या दिवाळीतच मेली, सर!”

डब्याचा पंखा गुरगुरतच होता. म्हणजे वायर चुकली. सरांनी शेजारची उपटली. जुनेदचा स्क्रीन काळा झाला.

“अरे सर, अपना सेकंडहँड है! दुकानवाले ने बॅटरी निकालकेच दिया था!”

“सर, ऐका ना,” दीपमाला म्हणाली.

“गप्प बस.” सरांना आता घाम फुटला होता, पण माघार घेणं हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. त्यांनी पुढची वायर काढली. मग त्यापुढची. टेबलावर एकेक स्क्रीन डोळे मिटत गेला. एकानं शिंकेएवढा वेळ तग धरला आणि मग तोही गेला. शेवटी बोर्डात उपटण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सर हातात प्लग घेऊन टेबलाखालून वर आले.

सगळी ओळ काळी पडली होती. काळ्या स्क्रीनमध्ये प्रत्येकाला स्वतःचं आ वासलेलं तोंड दिसत होतं. उजेड होता तो फक्त शुभमंगल फोटोच्या डब्यात.

“तुझी… तुझी वायर कुठली?” सरांनी विचारलं.

“मी वायर आणलेलीच नाय, सर. स्कूटरीची जुनी बॅटरी टाकलीय. घरूनच चार्ज करून आणलीय. तुम्हाला फक्त खुर्ची मागितली होती.”

पाच वाजले. दीपमालानं परीक्षा सुरू केली. तिच्या माइकला त्या तासाभरात डब्याच्या पंख्याशिवाय एकही आवाज ऐकू गेला नाही. अभ्यासिकेत इतकी शांतता याआधी कधी झाली नव्हती.

व्याख्येप्रमाणे तिथं लॅपटॉप एकच निघाला होता. संध्याकाळी सरांनी पाटीवरचा पाचवा नियम पुसला, आणि बाकीच्या कॉम्प्युटरांना बसू दिलं.