इस्त्रीतला कोळसा

शाळेच्या गच्चीवर बसून मंदानं इस्त्रीतला सगळा कोळसा विटेनं ठेचला. तळ कापलेल्या बाटलीत आधी पदराची चिंधी, मग कोळसा, वर वाळू असं दाबून बसवलं आणि पुराचं पाणी ओतलं. चहूकडे पाणीच पाणी, अन् प्यायला घोट नव्हता. हेच गढूळ पाणी पिऊन तिच्या पोरीला जुलाब लागले होते. आता तर तिला डोळेही उघडवत नव्हते.

पाणी लोट्यात ठिबकलं. आधी काळं, मग नितळ. "आलं बघा, आत्याबाई!"

सासूनं लोटा हुंगला. "दिसायला बरंय. पण उकळल्याबिगर पोरीला देऊ नगंस. पेटव कोळसा."

कोळसा तर सगळाच बाटलीत भिजून बसला होता.

गच्चीवर जळण्याजोगं कोरडं असं एकच उरलं होतं, इस्त्रीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांचं गाठोडं. घरात पाणी शिरलं तेव्हा स्वतःची भांडीकुंडी सोडून दोघींनी इस्त्रीबरोबर तेच डोक्यावर आणलं होतं. मंदानं तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. परक्याच्या कपड्याला हातसुद्धा पुसायचा नाही, हे सासूनंच तिला लग्नानंतर पहिल्या दिवशी बजावलं होतं.

म्हातारीनं गाठोड्याची गाठ दातांनी सोडली. वरचाच पांढरा सदरा घेतला, सवयीनं तळहात फिरवून त्याची सुरकुती मोडली आणि उघड्या इस्त्रीच्या पोटात कोंबला.

"बघतीस काय? ओढ काडी."