डाव्या चाकाचा माग

मुरमावर मागच्या चाकांचे दोन माग उमटले होते. उजव्याची नक्षी ठसा मारल्यासारखी स्वच्छ होती. डावा माग मात्र सुरुवातीलाच खरवडलेला. तीन-चार हात पुढे गेल्यावर कुठे त्यात नक्षी दिसायला लागत होती. राजेश्री उकिडवी बसून बराच वेळ तेवढंच पाहत राहिली.

"आत्या, क्लच मी हळूच सोडला व्हता," योगीराज पिकअपमधून उतरत म्हणाला. "आईची आन."

"मग डावंच चाक जागेवर का फिरलं?"

"मला काय इचारता? फिजिक्स तुमी शिकवता का मी?"

पोखर्णीच्या शिवशंकरची पिकअप केव्हाच टोकाला जाऊन, वळून परत आली होती. "योगी, तुझी गाडी निघायच्या आदी नाचून घेती का रं?" तो खिडकीतून ओरडला. पोरं खिदळली. योगीराजनं दार धाडकन लावलं.

राजेश्री परभणीच्या एका कॉलेजात शिकवायची. भाऊ गेल्यापासून दर रविवारी ती पेडगावला यायची. तिचा भाऊ बालाजी याच पिकअपमधून मेंढरं भरून रातोरात हैदराबादच्या बाजाराला जायचा. दोन वर्षांपूर्वी एका फेरीत देगलूरच्या अलीकडे गाडी उलटली. गाडी दुरुस्त झाली. आता योगीराजला अठरा पुरी झाली होती, लायसन हातात होतं, आणि त्याला बापाची फेरी हवी होती.

भावकीत शब्द चालायचा तो बालाजीचे चुलते दिनकरराव यांचा. त्यांनी सांगून टाकलं होतं, "जत्रेतली पिकअपची शर्यत मार. मंग फेरी तुझी. न्हाई तर गाडीचं काय करायचं ते आमी ठरवू."

योगीराजच्या आईला, बबिताला, कुणी विचारलं की ती म्हणायची, "बघू." दोन वर्षं ती एवढंच म्हणत होती.

सरावाच्या पहिल्या रविवारी रिकाम्या हौद्यामुळे मागची दोन्ही चाकं नुसतीच गरगरली होती. राजेश्रीनं वाळूची पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर रचून घेतली आणि गाडी जमिनीला धरून निघाली. त्या रात्री जेवताना योगीराज खुशीत होता. राजेश्रीनं त्याला दोन वाट्या पुढे ठेवून समजावलं होतं.

"ही दोन मागची चाकं. एक जरी घसरलं, तरी इंजिनाचा सगळा जोर त्यातच वाया जातो. दुसरं नुसतं उभं राहतं. म्हणून पकड दोन्हींना सारखी हवी."

"म्हंजी एकानं दगा दिला की खेळ खलास?"

"खलास."

बबिता चुलीपाशी सांडलेल्या करडीच्या तेलावर राख टाकत होती. "पाय जपून टाका, वन्सं," ती म्हणाली.

त्यानंतर हे डाव्या चाकाचं दुखणं सुरू झालं. राजेश्रीनं हवा मोजली, दोन्हीकडे सारखी. पोती डावीकडे सरकवून पाहिली. शिवशंकर उभा राहायचा ती जागा योगीराजला देऊन पाहिली. काही फरक नाही. टायर तपासावा, तर दोन्ही टायर धुळीनं सारखेच माखलेले. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की योगीराज एकटा पळवायचा तेव्हा गाडी सुतासारखी सरळ निघायची. शेजारी दुसरी गाडी उभी राहिली की घसरलीच.

शेवटी तिला एकच कारण उरलेलं दिसलं. "गाडीत काही नाही, योगी. कुणी शेजारी आलं की तुझा पाय थरथरतो."

"माझ्या पायाला नावं ठिवू नका, आत्या!" त्यानं चाव्या तिच्यापुढे फेकल्या. "तुमची ती पोती, ती हवा, सगळं खामखा हाय. बाबा असते तर एका दिवसात धरलं असतं त्यांनी."

ते तिला लागलं. पुढच्या रविवारी तिनं पेडगाव टाळलं.

पण जत्रेला ती आली. गायरानात दोन पिकअप रेघेवर उभ्या होत्या आणि बबिता हळद-तेलाचं ताट घेऊन आली होती. सरावातसुद्धा कुणाशी जोड लागणार असली की ती येतच असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बालाजी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळायचा, तशी ती गाडी मळायची. आधी बॉनेटला एक बोट, मग एकेका चाकाला. मागच्या डाव्या चाकाशी ती सगळ्यात शेवटी यायची, तिथं बसायची आणि कपाळ टेकायची. बराच वेळ. राजेश्री दर वेळी तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायची. कुणाचं दुःख असं टक लावून पाहू नये.

आज तिला शेवटची हवा बघायची होती. म्हणून ती थेट तिथंच गेली.

बबिताचं कपाळ टायरवर होतं. ओंजळ टायरच्या नक्षीवरून फिरत होती. खाचाखाचांत पिवळं तेल साचलं होतं. राजेश्रीनं बोट लावून वास घेतला. करडी.

तिला एकदम हसूच आलं. इतके रविवार! पोराच्या पायाला उगाच बोल लावला.

"अहो वहिनी," तिनं सीटमागची चिंधी ओढून घेतली, "रबराला कुणी तेल लावतं का? पण तुम्हाला तरी काय माहीत म्हणा."

बबितानं तिचं मनगट धरलं.

"पुसू नका, वन्सं," ती हळूच म्हणाली. "एक घसरलं की पुरं व्हतं. तुमीच सांगितलं न्हाई का?"

राजेश्रीच्या हातातली चिंधी तशीच राहिली.

"आत्या, काय झालं?" योगीराजनं डोकं बाहेर काढलं. इंजिन घुमत होतं. "हवा कमी हाय का?"



दिनकरराव झेंडी घेऊन जवळ आले. "काय घोळ घातलाय बायांनी? सोडायची का न्हाई गाडी?"

बबिता उठली. हात पदराला पुसले. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रेघेवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"योगी, इंजन बंद कर. मामंजी, गाडी इकायची."