जावयाचा रणगाडा

प्रदर्शनासाठी त्याने महिनाभर डोळ्यांत तेल घालून वीतभर लांबीचा रणगाडा रंगवला होता. खाकीवर हिरवे, हिरव्यावर करडे ठिपके असे जमले होते की मांडलेल्या झुडपांत रणगाडा शोधावाच लागे. शेजारच्या टेबलावर बहिणीच्या नवऱ्याचा रणगाडा होता. त्यावर नुसते काळपट, ढोबळ फराटे!

बाबांनी उमेदीची वर्षं खरा रणगाडा चालवण्यात घालवली होती. ते मुलाच्या टेबलावरून न थांबता पुढे गेले आणि जावयाच्या रणगाड्यापाशी खिळून राहिले. त्या फराट्यांवरून त्यांनी हळूच बोटही फिरवलं. मुलाचा जळफळाट झाला.

"तुम्हाला नुसतं जावयाचंच कौतुक! रंगातलं काही कळतं का त्याला?"

"त्याने मला विचारलं, तुमचा कसा होता. मी सांगितला तसा रंगवला त्याने. अगदी हुबेहूब. आमचाही असाच लांबून नजरेत भरायचा."

"आणि माझा? त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत!"

बाबांनी अजूनही तिकडे मान वळवली नाही.

"तुझा बघवत नाही रे. तसा रंग आमच्या रणगाड्याला असता, तर माझा तोफची घरी परतला असता."